आट्यांतला थेंब

दसऱ्याच्या आसपास वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या सुड्या मळायला निघतात. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, तालुका कुठलाही असो, शेताच्या धुऱ्याजवळ ट्रॅक्टर उभा असतो आणि त्याच्या मागच्या पीटीओच्या दांड्याला मळणी यंत्र जोडलेले असते. पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेऱ्यांचा. सोयाबीनचा दाणा फुटू नये म्हणून ड्रमचा वेग पट्ट्यांच्या पुल्या बदलून कमी ठेवतात. तो मिनिटाला ४०० फेरे धरला, तरी दहा तासांच्या दिवसात ड्रम २ लाख ४० हजार वेळा फिरतो. प्रत्येक फेऱ्याला दाते पेंढीवर आदळतात. तो हादरा सांगाड्यातून, बेअरिंगच्या घरातून, चाळणीच्या पट्ट्यांतून यंत्रावरच्या एकूण एक नटबोल्टापर्यंत पोचतो.

म्हणून हंगामात गॅरेजमध्ये एक संवाद हमखास ऐकू येतो. "मिस्त्री, हा नट रोजच्या रोज ढिला होते." "लाल औषध टाकून देऊ का, भाऊ? मंग पाह्याचं कामच नाही." मिस्त्री खिशाएवढी लाल बाटली काढतो, आट्यांवर दोन थेंब सोडतो, नट आवळतो. नट खरोखरच सैल होत नाही. पण जानेवारीत तूर मळायची असते, तिच्यामागून हरभरा असतो. पीक बदलले की चाळणी बदलायची, ड्रमखालची जाळी बदलायची. ऑक्टोबरात कायमचा बसवलेला नट तेव्हा पान्याला दाद देत नाही. मग छिन्नी येते, ग्राइंडर येतो, शेवटी गॅसची ज्योत येते.

औषध वाईट नव्हते, निवड चुकली होती. हे द्रव्य निवडताना पहिला प्रश्न 'किती घट्ट धरेल?' हा नसावा. हा नट पुढे कोण उघडणार, कधी उघडणार आणि त्याच्या हातात कोणते अवजार असणार, हे आधी विचारायचे. या प्रकरणात निवडीचा आणि सोडवण्याचा विचार एकत्र केला आहे, कारण ते एकाच निर्णयाचे दोन भाग आहेत.

नट सैल का होतो

नट आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो. हा ताणच दोन पत्र्यांना एकमेकांवर दाबून धरतो. डोक्यावर ८.८ असा छाप असलेला दहा मिलिमीटरचा, म्हणजे एम-१० बोल्ट घेऊ. पहिला आकडा पोलादाची तुटण्याची ताकद सांगतो, ८०० मेगापास्कल. दुसरा सांगतो की त्याच्या आठ दशांशावर, म्हणजे ६४० मेगापास्कलला, बोल्ट कायमचा लांबू लागतो. असा बोल्ट साधारण ४८ न्यूटन-मीटरने आवळतात. वीस सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे २४ किलोचा जोर दिला की तेवढे बळ होते. त्यातून पत्र्यांवर सुमारे अडीच टनांचा दाब येतो.

मात्र हाताने दिलेल्या जोरातला फार थोडा भाग या दाबाच्या कामी येतो. ढोबळ मानाने निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो आणि चाळीस टक्के आट्यांमधल्या घर्षणात. उरलेला दहा टक्के बोल्ट ताणतो. नट जागेवर राहतो तोही याच घर्षणाच्या बळावर. आटा हा दंडगोलाभोवती गुंडाळलेला चढ आहे. एम-१० बोल्टवर एका फेऱ्यात नट दीड मिलिमीटर सरकतो, म्हणजे चढाचा कोन जेमतेम तीन अंशांचा. लोखंडावर लोखंड आठ अंशांहून जास्त उतारावरही घसरत नाही. त्यामुळे स्थिर यंत्रावरचा नीट आवळलेला नट वर्षानुवर्षे आपण होऊन सुटत नाही.

हादऱ्याने हे गणित बिघडते. सगळेच हादरे सारखे वाईट नसतात. बोल्टच्या लांबीच्या दिशेने येणारा हादरा तो बराच सोसतो. गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिले की खरा शत्रू आडवा हादरा आहे. बोल्टने जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांमधले आणि डोक्याखालचे घर्षण त्या सरकण्यात खर्च होते. त्या क्षणी नटाला फिरण्यापासून अडवायला काही उरत नाही. बोल्टातला ताण त्याला चढावरून खाली ढकलतो आणि नट दर हादऱ्याला तसूभर मागे फिरतो. युंकरने बोल्टला आडवे हलवून त्यातला ताण मोजणारे यंत्र बनवले. त्या चाचणीत आपल्याकडे सर्रास लावतात ते स्प्रिंग वायसर फारसे उपयोगी पडत नाहीत. नट पूर्ण आवळला की स्प्रिंग वायसर सपाट होतो आणि साध्या चकतीसारखा वागतो.

दुसरे एक कारण गॅरेजमध्ये सहज निसटते. पत्र्यावर रंगाचा जाड थर असेल, मध्ये रबर किंवा लाकडी पट्टी असेल, चकती मऊ पत्र्याची असेल, तर दाबाखाली हे थर बसत जातात. नट एक अंशही फिरलेला नसतो, तरी ताण ओसरतो. या रोगावर कुठलेही चिकट औषध चालत नाही. तिथे रंग खरवडावा, जाड आणि कडक चकती लावावी, तासभर यंत्र चालवून नट पुन्हा आवळावा आणि मगच पुढचा विचार करावा. चिकटद्रव्य दाब निर्माण करत नाही. तुम्ही दिलेला दाब ते राखते, एवढेच.

हवेत पातळ, लोखंडात घट्ट

आट्यांत घालायचे हे द्रव्य फेविक्विकही नव्हे आणि एम-सीलही नव्हे. फेविक्विक हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होते. ते ठिसूळ असते, हादऱ्याने तडकते आणि तापले की सोडते. एम-सील दोन भाग मळून लावायची लुगदी आहे. नट पकडणाऱ्या द्रव्याची रीत निराळी आहे. जोवर हवा लागते तोवर ते पातळच राहते. हवा तुटली आणि धातू भेटला की घट्ट होते.

याची कथा अमेरिकेतल्या हार्टफर्डची आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना हवेविना घट्ट होणारे द्रव्य आधीच सापडले होते. पण ते साठवायचे तर त्यातून सतत हवा फुंकत ठेवावी लागे, म्हणून ते बाजारात आणणे जमेना. ट्रिनिटी कॉलेजमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांना हा प्रश्न त्या कंपनीत काम करणाऱ्या मुलाकडून कळला. १९५३ मध्ये त्यांनी असे मिश्रण तयार केले की बाटलीतल्या हवेच्या आधाराने ते महिनोन्‌महिने पातळ राहील आणि आट्यांत गेल्यावर काही मिनिटांत धरेल. १९५६ मध्ये लॉकटाइट या नावाने ते लोकांसमोर आले. ती कंपनी १९९७ मध्ये जर्मनीच्या हेंकेलकडे गेली. त्याच हेंकेलचा चिकटद्रव्यांचा मोठा कारखाना २०२० मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभला सुरू झाला. आता इतर कंपन्याही असे द्रव्य बनवतात. दुकानात मात्र सगळ्यांना लॉकटाइट म्हणूनच मागितले जाते.

बाटलीत मेथॅक्रिलेट जातीचे छोटे रेणू आणि थोडे पेरॉक्साइड असते. लोखंडाच्या किंवा तांब्याच्या आयनांशी गाठ पडली की पेरॉक्साइड फुटते आणि त्यातून अतिशय क्रियाशील तुकडे सुटतात. ते छोट्या रेणूंना एकमेकांत गुंफू लागतात. जवळ ऑक्सिजन असेल तर तो या तुकड्यांना आधीच गाठून थंड करतो आणि साखळी वाढत नाही. आवळलेल्या आट्यांच्या फटीत ऑक्सिजन जवळजवळ नसतो, लोखंड मात्र दोन्ही बाजूंनी असते. त्यामुळे तिथे साखळ्या वाढतात, एकमेकींत अडकतात आणि फट कडक प्लास्टिकने भरून जाते.

एवढे कळले की या बाटलीच्या बऱ्याच सवयींचा उलगडा होतो. नवी बाटलीही अर्धी रिकामी दिसते, कारण वरची हवाच आतल्या द्रव्याला पातळ ठेवते. बाटली हवा आरपार जाऊ देणाऱ्या प्लास्टिकची असते. म्हणून हे द्रव्य काचेच्या किंवा पत्र्याच्या डबीत काढून ठेवू नये. बाटलीचे तोंड बोल्टला टेकवू नये, कारण लोखंडाचा कीस आत गेला तर उरलेले द्रव्य बाटलीतच घट्ट होऊ लागते. विदर्भातला उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बाटली ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये तापत राहू नये. ती घरात, सावलीत, थंड कोपऱ्यात ठेवावी. आणि नटाबाहेर ओघळलेला थेंब दुसऱ्या दिवशी ओलाच दिसला, तर माल नकली असल्याची शंका घेऊ नये. बाहेर हवा आहे, म्हणून तो ओला आहे. तो फडक्याने पुसून टाकावा.

रंगापेक्षा आकडा

बाजारात या द्रव्याची ओळख रंगाने होते. जांभळे हलक्या ताकदीचे, निळे मध्यम, लाल जोरदार, हिरवे पातळ, झिरपणारे. हा संकेत लॉकटाइटच्या नेहमीच्या बाटल्यांपुरता बरा आहे. पण सगळ्या कंपन्यांवर तो बंधनकारक नाही आणि एकाच कंपनीतही तो फसवतो. लॉकटाइटचे २९० हिरवे आहे आणि ते आधीच आवळलेल्या नटात झिरपते. २७० हेही हिरवे, पण ते जोरदार वर्गातले. ६३८ हेसुद्धा हिरवेच, आणि ते तर आट्यांसाठी नसून बेअरिंग किंवा बुश दांड्यावर पक्के बसवण्यासाठी आहे. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचावा आणि दुकानदारालाही आकडाच सांगावा.

ताकद मोजण्याची प्रमाण चाचणी एम-१० बोल्टवर होते. नट न आवळता आट्यांत द्रव्य घट्ट होऊ देतात आणि मग दोन गोष्टी मोजतात. पकड फोडायला किती बळ लागले, ही पहिली. पकड फुटल्यानंतर नट फिरवत राहायला किती लागले, ही दुसरी. जांभळ्या २२२ ची पकड सुमारे ६ न्यूटन-मीटरला फुटते. निळ्या २४३ ची २६ च्या आसपास, २७० ची ३३ च्या आसपास. फोडण्याच्या बळात निळे आणि जोरदार यांच्यातले अंतर वाटते तेवढे मोठे नाही. खरे अंतर पुढे आहे. निळ्याची पकड एकदा फुटली की नट साधारण ५ न्यूटन-मीटरवर फिरत बाहेर येतो. २७० ची पकड फुटल्यावरही बळ ३३ च्या घरातच राहते. कडक प्लास्टिकचा चुरा आट्यांत अडकून राहतो आणि नट शेवटच्या फेऱ्यापर्यंत झगडतो. लांब आट्यांवरचा बारीक बोल्ट या झगड्यात पिळून तुटतो.

मळणी यंत्राकडे या नजरेने पाहिले की निवड सोपी होते. पुलीतला बारीक ग्रब स्क्रू, मोजमापाच्या तबकडीचे स्क्रू, असे सहा मिलिमीटरपर्यंतचे काम जांभळ्याचे. बेअरिंगच्या घराचे बोल्ट, पट्ट्यावरच्या संरक्षक जाळीचे बोल्ट, गिअरबॉक्सच्या पायाचे बोल्ट निळ्याचे. ते साध्या पान्याने उघडतात आणि शेतातल्या माणसाकडे बहुतेकदा तेवढेच अवजार असते. निळ्यातले २४३ थोडे तेल सोसते, ही शेतीच्या यंत्रावर मोठी सोय आहे. ड्रमच्या दात्यांचे बोल्ट आणि रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट पाहून मोह लालचा होतो. पण दाते झिजतात, पाती दर एक-दोन हंगामांत बदलावी लागतात. तिथेही निळेच लावावे, बोल्ट ८.८ चा घ्यावा आणि सोबत नायलॉनची कडी असलेला नट वापरावा. लाल उरते ते फक्त कार्यशाळेत, उष्णता देण्याची सोय असताना उघडायच्या जोडांसाठी. मोठ्या व्यासाचे स्टड, किंवा यंत्राच्या पुस्तिकेत जिथे स्पष्ट सांगितले आहे ती जागा. यंत्र जोडून झाले आहे आणि नट उघडण्याची इच्छा नाही, तिथे झिरपणारे २९० आट्यांच्या कडेला सोडावे.

धातूही पाहावा लागतो. साधे काळे लोखंड आणि पितळ या द्रव्याला लवकर धरायला लावतात. जस्ताचा मुलामा दिलेला चकचकीत बोल्ट, स्टेनलेस स्टील, ॲनोडाइझ केलेले ॲल्युमिनियम हे आळशी पृष्ठभाग. त्यांच्यावर पकड यायला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि ती कमीही भरते. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे बहुतेक बोल्ट जस्ताचेच असतात. तिथे कंपनीचा पूरक फवारा आधी मारावा, नाहीतर पूर्ण दिवस थांबावे. उष्णतेचीही हद्द आहे. नेहमीची द्रव्ये १५० ते १८० अंश सेल्सियसपर्यंत धरतात. सायलेन्सरच्या बोल्टवर ती टिकणार नाहीत.

जिथे थेंब नको

काही बोल्ट घट्ट धरून ठेवण्यासाठी नसतातच. पट्ट्याचा ताण ठरवणारा, ड्रम आणि जाळीमधले अंतर ठरवणारा, चाळणीची ढाळ ठरवणारा बोल्ट रोज थोडा फिरवावा लागतो. तिथे दुसरा नट लावून दोन्ही एकमेकांवर आवळणे हेच योग्य. चाकांचे नट, तेल काढायचे बूच, स्पार्क प्लग, यांवर द्रव्य लावू नये. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूवर तर मुळीच नको. पॉलिकार्बोनेट आणि एबीएससारख्या प्लास्टिकला या द्रव्याने बारीक तडे जातात आणि दिव्याची काच किंवा मीटरचे घर काही दिवसांनी फुटते. ऑक्सिजनच्या नळ्यांवर ते वापरू नये, कारण तिथे ते पेटू शकते.

अकोला-वाशिम-पूर्णा मार्गावर रुळांची निगा राखणाऱ्यांकडे पाहिले तर याच विचाराची दुसरी बाजू दिसते. जिथे दोन रूळ फिशप्लेट आणि बोल्टांनी जोडलेले असतात, तिथे प्रत्येक चाक हादरा देऊन जाते आणि बोल्ट सैल होत राहतात. तरी ते कायमचे बंद करत नाहीत. रूळ उन्हात लांबतो, थंडीत आखडतो. जोडाला त्यासाठी सरकायची मुभा हवी, म्हणून तो वर्षातून एकदा उघडून, पुसून, वंगण लावून पुन्हा बसवायचा असतो. रोजची जबाबदारी कीमॅनची. तो पाना आणि हातोडा घेऊन ठरलेल्या अंतरावरचे रूळ पायी तपासतो, सैल दिसेल ते आवळतो. जे उघडायचेच आहे त्याला रोजची नजर लागते, द्रव्य नव्हे.

लावण्याची रीत

आटे तारेच्या ब्रशने घासावेत. ग्रीस आणि माती ॲसिटोनने किंवा साफ थिनरने धुवावी. डिझेलने धुतलेला बोल्ट स्वच्छ दिसतो, पण तेलकट राहतो. थेंब सगळ्या बोल्टवर फासायचा नाही. नट शेवटी जिथे येऊन बसणार आहे तेवढ्याच आट्यांवर, चारही बाजूंनी फट भरेल इतका लावायचा. एम-१० बोल्टला दोन-तीन थेंब पुरतात. आरपार नसलेल्या भोकात बोल्ट घालताना तळाशी कोंडलेली हवा द्रव्याला वर ढकलते, म्हणून तिथे थेंब भोकाच्या आतल्या आट्यांवर सोडावेत.

मग लगेच, ठरलेल्या बळाने आवळावे. ओले द्रव्य वंगणासारखे वागते. कोरड्या आट्यांच्या अंदाजाने सगळी ताकद लावली, तर बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जाऊ शकतो. दहा-वीस मिनिटांत पकड यायला लागते, पण पूर्ण ताकद यायला चोवीस तास हवेत. पौषातल्या थंड पहाटे जोडलेल्या यंत्राला त्याहून थोडे जास्तच.

यानंतर एक सवय मोडावी लागते. मळणी सुरू करण्याआधी रोज सकाळी यंत्रावरून पाना फिरवण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती चांगली आहे. पण द्रव्य घट्ट झालेल्या नटावर 'अजून जरासा' म्हणून पाना मारला की पकड फुटते. फुटलेली पकड परत जुळत नाही. असे नट पान्याने न तपासता नजरेने तपासावेत. आवळून झाल्यावर नट आणि पत्रा यांच्यावर रंगाची एक सरळ रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली तर नट हलला. तो उघडावा, साफ करावा आणि नव्याने द्रव्य लावून बसवावा.

हाताला मोजे घालावेत. मेथॅक्रिलेटची काहींच्या कातडीला ॲलर्जी होते आणि एकदा झाली की पुढे थोड्या स्पर्शानेही उठते.

उघडताना

अडलेला नट समोर आला की तो गंजाने अडला आहे की द्रव्याने, हे पहिल्यांदा ठरवावे. गंज असेल तर आट्यांच्या कडेला तांबूस भुकटी दिसते. तिथे झिरपणारे तेल काम करते. द्रव्य असेल तर कडेला निळसर, लालसर किंवा पांढुरका कोरडा पापुद्रा दिसतो. अशा नटावर रात्रभर रॉकेल किंवा तेल ओतत बसणे व्यर्थ आहे. फट आधीच भरलेली असते, तेलाला आत शिरायला वाट नाही.

निळ्यासाठी नीट बसणारा पाना आणि लांब दांडा पुरतो. दोन टोकांचा उघडा पाना न घेता सहा कोनांची गोटी घ्यावी, म्हणजे नटाचे कोपरे गोल होत नाहीत. झटका न देता जोर वाढवत जावा. पकड फुटल्याचा 'टक्' असा आवाज येतो. त्यानंतर नट सलग न फिरवता थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवावा, म्हणजे चुरा मोकळा होतो आणि बारीक बोल्ट पिळून तुटत नाही.

जोर वाढवूनही नट हलत नसेल तर उष्णता द्यावी. हे प्लास्टिक सुमारे २५० अंश सेल्सियसला आपली ताकद गमावते. बारीक स्क्रूच्या डोक्यावर तापलेले सोल्डरिंग आयर्न मिनिट-दोन मिनिटे टेकवले तरी भागते. मध्यम बोल्टला गरम हवेची गन चांगली, कारण तिला ज्योत नसते. मोठ्या नटाला ब्लो लॅम्प लागतो. शक्यतो नट तापवावा, बोल्ट नव्हे. नट फुगतो आणि आटे सैल होतात. तो गरम असतानाच फिरवावा. थंड होऊ दिला तर पकड बऱ्याच अंशी परत येते आणि सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

२५० अंश ओळखायला थर्मामीटर लागतोच असे नाही. नटाचा एक कोपरा कानशीने घासून चकचकीत करावा. तापत जाताना पोलादावर रंग चढतात. २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा, २५५ च्या आसपास तपकिरी, ३०० ला निळा. पिवळ्यातून तपकिरीकडे रंग झुकला की ज्योत बाजूला घ्यावी. नट लाल होईपर्यंत तापवणे हा सर्वांत महागात पडणारा उतावीळपणा. ८.८ चा बोल्ट कारखान्यात कडक करून मग किमान ४२५ अंशांवर मऊ केलेला असतो. त्यापुढे तापला की त्याची ताकद उतरते. असा बोल्ट दिसायला पहिल्यासारखाच असतो, पण पुन्हा वापरण्याच्या लायकीचा राहत नाही.

निघालेल्या बोल्टवरचा जुना थर तारेच्या ब्रशने काढावा, भोकातला चुरा टॅप फिरवून बाहेर काढावा आणि फुंकून साफ करावा. आटे खाल्लेले दिसले तर बोल्ट बदलावा. घट्ट झालेले द्रव्य विरघळवायला डायक्लोरोमिथेन वापरतात, पण त्याची वाफ घातक आहे. गावातल्या बंद गॅरेजमध्ये ते आणूच नये. ब्रश आणि थोडा वेळ पुरेसे आहेत.

कुटार, डिझेल आणि ज्योत

हे सगळे कार्यशाळेत ठीक. पण वाशिमच्या शेतात मळणी यंत्राभोवती काय असते ते पाहा. वाळलेले सोयाबीनचे कुटार गुडघाभर साचलेले, हवेत बारीक भुसा, शेजारी ट्रॅक्टरची डिझेलची टाकी, थोड्या अंतरावर न मळलेली सुडी. अशा जागी ब्लो लॅम्प पेटवणे म्हणजे वर्षभराचे पीक पणाला लावणे. यंत्र कुटारापासून दूर, मोकळ्या ओल्या जमिनीवर न्यावे. आतला अडकलेला भुसा झाडून काढावा. पाण्याने भरलेली बादली आणि ओले पोते जवळ ठेवावे. काम झाल्यावरही अर्धा तास तिथून हलू नये, कारण यंत्राच्या सांदीतला भुसा धुमसत राहतो आणि मागाहून पेट घेतो.

बेअरिंगजवळ ज्योत नेली की त्याची रबरी कडी जळते आणि ग्रीस वितळून वाहून जाते. नट निघतो, पण बेअरिंग पुढच्या आठवड्यात जाते. हवा भरलेल्या टायरजवळ चाकाचा नट तापवणे जिवावर बेतू शकते. आतला दाब वाढून टायर स्फोटासारखा फुटतो. हायड्रॉलिकची नळी, बंद पोकळ दांडा, दाबलेली स्प्रिंग यांच्याजवळही तोच धोका. जस्ताच्या मुलाम्यातून निघणारा पांढरा धूर आणि तापलेल्या द्रव्याची उग्र वाफ दोन्ही छातीला लागतात, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून बसावे. या सगळ्याच्या तुलनेत नट कापून काढणे आणि नवा लावणे पुष्कळदा स्वस्त पडते. आठ-दहा रुपयांच्या नटासाठी सुडी धोक्यात घालण्यात शहाणपण नाही. कापतानाही ठिणग्या उडतात, म्हणून ग्राइंडरलाही ज्योतीचेच नियम.

यंत्र विकले जाते, भाड्याने जाते, मिस्त्री बदलतो. ज्याने द्रव्य लावले तोच उघडायला येईल याची खात्री नसते. म्हणून जिथे लाल वापरले तिथे नटाशेजारी लाल ठिपका द्यावा आणि यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खोडता न येणाऱ्या रंगाने बाटलीवरचा आकडा आणि महिना लिहून ठेवावा. मानोऱ्यातला एखादा नवा मिस्त्री तो ठिपका पाहून आधी यंत्र कुटारातून बाहेर काढेल, मग ज्योत पेटवेल. आणि ठिपका नसलेल्या नटावर तो निर्धास्त साधा पाना लावेल.